गुणाचा पट्टा

मित्रांनो, तुम्ही मला कुठेतरी पाहिलं असेल, पण निरखून पाहण्याची वेळ तुमच्यावर न येवो. मी छातीला बांधायचा पट्टा आहे. वीतभर रुंद, एकेकाळी बदामी असलेला, आता कडेकडेने काळवंडलेला. माझ्या दोन्ही टोकांना जुन्या हिरव्या लुगड्याच्या नाड्या शिवलेल्या आहेत. नऊ वर्षं मी मुकुटबनहून आत जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात, तानाबाईच्या घरी, दारामागच्या खिळ्यावर लटकून काढली. आज मी तिथे नाही. का नाही, ते ओघात येईलच.

माझा जन्म कुठे झाला ते मला नीट आठवत नाही. खूप मशीनं होती, रबराचा वास होता आणि एक बाई दिवसभर आमच्या कडा शिवत होती. मला घडी घालून खोक्यात बसवलं. खोक्यावर एक गोरापान माणूस मला बांधून हसत उभा होता. पुढे मी कितीतरी मोडलेल्या बरगड्या अगदी जवळून पाहिल्या, पण तसा हसणारा एकही भेटला नाही. बरगडी मोडली की माणूस हसायला घाबरतो, शिंकायला घाबरतो, कूस बदलायलाही घाबरतो. ते चित्र कोणाच्या डोक्यातून निघालं, देव जाणे.

वणीच्या एका मेडिकलच्या दुकानात मी वर्षभर पडून होतो. वणीत कोळशाचे ट्रक रात्रंदिवस धावतात, त्यामुळे खोक्यावरच्या त्या हसऱ्या माणसाचं तोंड महिन्याभरातच काळं झालं. मग एका हिवाळ्यात दुकानासमोर एक करारी म्हातारा येऊन उभा राहिला. ते बापूजी. कापूस, सोयाबीन, तुरीची शेती, दोन बैल, एक मुलगा, एक सून. मुलगा अमर ट्रॉलीत कापूस तुडवत होता. कापूस पायाने दाबून बसवल्याशिवाय ट्रॉलीत मावत नाही, म्हणून कोणाला तरी ढिगावर चढून तो तुडवावा लागतो. खाली ट्रॅक्टरवाल्याने न सांगता गाडी पुढे घेतली आणि अमर कठड्यावर छाती आपटून जमिनीवर आला.

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला तर त्यात काही दिसेना. पण बोट लावलं तिथे अमर किंचाळला. डॉक्टर म्हणाले, बरगडीची चीर पुष्कळदा पहिल्या फोटोत दिसतच नाही, पण मोडली आहे हे नक्की. गोळ्या वेळेवर घ्या, खोल श्वास घ्या, सहा आठवड्यांत आपोआप जुळेल. बांधायचं काही नाही.

ही गोष्ट बापूजींच्या पचनी पडली नाही. तरातरा मेडिकलमध्ये येऊन ते म्हणाले, "हात मोडला त पलस्तर करते, पाय मोडला त पलस्तर करते. अन् छाती मोडली त नुसत्या गोळ्या? काहीतरी बांधाले द्या भाऊ. असंच कसं घेऊन जाऊ पोराले?"

दुकानदाराने माझ्यावरची धूळ फुंकली. मी बापूजींच्या पिशवीतून गावात आलो.

अमर तेव्हा चोवीस वर्षांचा होता. छाती दणकट, फुप्फुसं ताजी. मला गुंडाळलं की त्याचं दुखणं थोडं दबायचं, पण कामाला हात घातला की तो मला काढून फेकायचा आणि शेजाऱ्याच्या कट्ट्यावर बसून पत्ते कुटताना पोटभर हसायचा. हसताना कळ आली की शिव्या द्यायचा आणि पुन्हा हसायचा. सहा आठवड्यांत त्याची बरगडी जुळली. ती मी नसतो तरी जुळली असती. तोंड असतं तर मी ते तेव्हाच सांगून टाकलं असतं.

पण तानाबाईने मला धुतलं, उन्हात वाळवलं, आणि पुढच्या दसऱ्याला विळे, पावशी, वखराची पास आणि कुऱ्हाडीच्या रांगेत मांडलं. शेतीच्या अवजारांची पूजा होते ना त्या दिवशी, त्यात मी! तिने माझ्यावर हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि म्हणाली, "गुणाचा हाये हा पट्टा. माया पोराले उठवून बसवलं यानं." मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मी फुशारून गेलो. वर्षभर कोळशाच्या धुळीत पडलेल्या पट्ट्याला कोणी फूल वाहिलं तर दुसरं काय होणार?

मग माझा बोलबाला झाला. तुम्हाला वाटत असेल, बरगड्या काय रोज मोडतात का? मलाही तसंच वाटायचं. पण त्या एका गावात आणि शेजारच्या तांड्यात, नऊ वर्षांत तेरा छात्यांना मी बांधला गेलो. कोणाची दुचाकी खड्ड्यात गेली, कोणी न्हाणीच्या ओल्या दगडावर पडलं, कोणाला बैलाने ढुशी दिली. तांड्यावरचा फुलसिंग केळापूरहून येताना गाडीवरून घसरला. तो महिन्या-दोन महिन्यांत खडखडीत झाला. ट्रक चालवणाऱ्या बादलची बरगडी जुळली, पण कळ गेली नाही. गियर टाकताना छातीत सुरी फिरल्यासारखं व्हायचं. वर्षभर सोसून त्याने ट्रक सोडला आणि आता तो वणीत एका गोदामाच्या दारावर बसतो. आभाळ भरून आलं की त्याचा हात अजून आपोआप डाव्या कुशीवर जातो, असं त्याची बायको सांगत होती.

आणि मानीबाई. तांड्यावरची सत्तरी ओलांडलेली म्हातारी. ती पडली नव्हती, काही नव्हतं. थंडीतल्या खोकल्यानेच तिची बरगडी मोडली, इतकी हाडं ठिसूळ झाली होती. मला तिच्यावर आवळून बांधलं. तिचा खोकला थांबला. घरच्यांना वाटलं, बरं झालं. पण खोकला थांबला म्हणजे आतला कफ आतच राहिला. मी तिच्या पाठीला चिकटून होतो, मला आतली घरघर ऐकू येत होती. अठराव्या दिवशी ती गेली. तिच्या मुलांनी मला धुवून, वर एक नारळ ठेवून परत आणून दिलं. म्हणाले, "शेवटी शेवटी बाईले आराम भेटला यानं."

त्या नारळाने माझी फुशारकी कायमची उतरवली. तेरा जणांपैकी आठ धडधाकट झाले, तिघे कळ घेऊन जगताहेत, दोघे गेले. जे बरे झाले ते माझ्या नावावर जमा झाले आणि जे गेले ते वयावर ढकलले गेले. गावाने माझा हिशेब असाच ठेवला.

एव्हाना माझी चिकटणारी पट्टी झिजली होती. घट्ट धरत नव्हती. मी मनातून सुखावलो, आता मला कोणी नेणार नाही. पण तानाबाई हुशार. तिने आपलं जुनं लुगडं फाडून मला नाड्या शिवल्या. तिचे हात कापसाची गाठोडी बांधणारे. गुडघा टेकवून, दातांवर दात धरून ती गाठ मारते, आणि तिची गाठ दोन माणसांना सुटत नाही.

यंदाच्या डिसेंबरात, तुरीच्या शेंगा भरत होत्या तेव्हा, बापूजी गोठ्यात बैलाला दावं लावत होते. तांबड्या बैलाने माशी उडवायला मान फिरवली. त्याच्या मनात काही नव्हतं. पण बापूजी त्याची मान आणि गोठ्याचा खांब यांच्यामध्ये सापडले. चार बरगड्या. वय सत्तर.

सून सुरभी आणि अमर त्यांना वणीला घेऊन गेले. तीन दिवस दवाखान्यात ठेवलं. त्या तीन दिवसांत तानाबाईने मला दोनदा धुतलं, नाड्यांचे टाके पुन्हा पक्के केले आणि देवाजवळ ठेवलं. चौथ्या दिवशी जीप दारात थांबली. बापूजी दोन माणसांच्या आधाराने उतरले आणि तानाबाई मला दोन्ही हातांत धरून पुढे आली.

"आत्याबाई, थांबा," सुरभी म्हणाली. "डॉक्टरसाहेबानं बांधाले नाई सांगतलं. बांधलं का श्वास वरच्या वर राह्यते. आत कफ साचते. मामाजीच्या वयात बरगडीपेक्षा त्याचीच जास्त भीती हाये म्हने."

सुरभी दवाखान्यात सगळं नीट शिकून आली होती. एक उशी छातीशी धरून खोकायचं. गोळ्या दुखण्याआधीच द्यायच्या. आणि एक प्लास्टिकचं यंत्र होतं, त्यात छोट्या चेंडूंसारख्या तीन निळ्या गोळ्या, तीन नळ्यांमध्ये. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, म्हणजे गोळ्या वर चढतात. दर तासाला दहा वेळा, आणि निदान दोन गोळ्या वर चढल्या पाहिजेत. दवाखान्यात बापूजी दीड चढवत होते.

"डाक्टरले काय होते सांगाले?" तानाबाई म्हणाली. "अमर कायनं बरा झाला? फुलसिंग कायनं बरा झाला?"

अमर दोघींच्या मध्ये उभा. त्याने बायकोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मी त यानंच बरा झालो ना वं," तो सुरभीला म्हणाला. "बांधू दे मायले."

मित्रांनो, त्याच्यावर रागावू नका. तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच वाटत होतं, आणि नऊ वर्षांत कोणी त्याला वेगळं सांगितलं नव्हतं.

तानाबाईने गाठ मारली. बापूजींच्या चेहऱ्यावरच्या आठ्या सैल झाल्या. "आवळ अजून," ते म्हणाले. "हां. आता बरं वाटून राह्यलं."

बरं वाटतं हो! तिथेच तर सगळं फसतं. माझ्या आवळण्याने बरगड्या हलेनाशा होतात, म्हणून दुखत नाही. पण छाती म्हणजे काही हात नाही, गळ्यात अडकवून स्वस्थ ठेवायला. ती फुलली नाही तर फुप्फुसांचा खालचा भाग उघडतच नाही, आणि बंद राहिलेल्या कोपऱ्यात कफ मुरतो. हे मला कोणत्या पुस्तकातून कळलेलं नाही. मानीबाईच्या पाठीला चिकटून अठरा दिवस ऐकलं आहे.

सुरभी दर तासाला ते यंत्र बापूजींच्या तोंडाशी धरायची. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी एक गोळी वर चढत होती. तिसऱ्या दिवशी ती अर्ध्यावर थरथरून खाली यायची. दुखण्याच्या गोळ्या ते घेईनात, "पोटात आग पडते यानं," म्हणून उशीखाली ढकलून द्यायचे. भेटायला येणारे यायचे, पारले बिस्किटाचा पुडा उशाशी ठेवायचे, मला चिमटीत धरून पाहायचे आणि म्हणायचे, "सैल हाये हा. अजून खेचा." तानाबाई खेचायची. यातल्या एकाचंही मन वाईट नव्हतं, हेच मला सोसत नाही.

पाचव्या दिवशी सकाळी तानाबाई तुरीच्या वावरात गेली. सुरभीने विळ्याच्या टोकाने हळूहळू गाठ उकलली, मला गुंडाळलं आणि डाळीच्या कोठीत, कडुलिंबाच्या पाल्याखाली दडवलं. झाकण लागलं. अंधारात मी कान देऊन पडलो.

"मामाजी, ओढा. अजून ओढा."

टक्. एक गोळी वर लागल्याचा आवाज. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्. दोन! मग उशी पुढे ओढल्याचा आवाज आला आणि बापूजी खोकले. पोटातून, जोर लावून खोकले, आणि आत अडकलेलं काहीतरी सुटून बाहेर आलं. जन्मात पहिल्यांदा मी कोणाच्या उपयोगी पडलो होतो, तेही डाळीच्या कोठीत बंद होऊन.

पण खोकल्याबरोबर ते ओरडलेही. चार मोडलेल्या बरगड्या आणि पोटात एक गोळी नाही. ओरडणार नाही तर काय? ती किंकाळी गल्लीभर गेली. तानाबाई नेमकी परतत होती. डोक्यावरचा भारा दारातच टाकून ती धावत आत आली.

"मानूस वरडून राह्यला अन् तू पट्टा लपवून राह्यली?"

"आत्याबाई, दोन गोळ्या चढल्या! कफ पडला. पाहा तुमी, हे पाहा..."

"मले नाई पाहाचं. त्याचं रडनं मले पाहवत नाई." आणि तानाबाई स्वतःच रडू लागली. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिने बापूजींना ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. तिला ते थांबवायचं होतं, एवढंच. त्यासाठी तिच्याजवळ हात होते आणि मी होतो.

सुरभीने कोठीकडे पाहिलं नाही, पण कोठीचं झाकण नीट बसलं नव्हतं. तानाबाईने मला शोधून काढलं. त्या दिवशीची गाठ तिने सगळ्यांत घट्ट मारली, आणि त्यानंतर मला अंघोळीलाही सोडलं नाही. सुरभी चुलीपुढे बसून भाकरी थापत राहिली. अमर वावरातून आल्यावर तिने त्याला काही सांगितलं नाही.

सातव्या दिवशी बापूजींना ताप भरला. आठव्या दिवशी ते आडव्यातिडव्या गोष्टी बोलू लागले; तांबड्या बैलाला आत बांधा म्हणू लागले, जो समोरच बांधलेला होता. सुरभीने यंत्र पुढे केलं. तिन्ही गोळ्या तळाशी बसून राहिल्या. त्यांचा श्वास माझ्या वरून, गळ्याजवळच्या गळ्याजवळ चालला होता. माझ्याखाली काहीच हलत नव्हतं. तेव्हा कुठे अमर जीप आणायला पळाला.

दवाखान्यात नर्सने मला सोडायचा प्रयत्न केला. गाठ सुटेना. शेवटी तिने कात्रीने नाडी कापली. डॉक्टरांनी मला उचलून पाहिलं, मग बापूजींच्या छातीवर उमटलेल्या माझ्या वळांकडे पाहिलं.

"कोणी बांधला हा?"

तानाबाईचे ओठ हलले. तिच्याआधी सुरभी बोलली. "आमी सगळ्यायनं."

डॉक्टरांनी मला बाजूला ठेवलं. दवाखान्यातल्या तिसऱ्या दिवशी दुपारी बापूजी गेले. कागदावर न्यूमोनिया लिहिलं होतं. नर्सने मला त्यांच्या चपला, चष्मा आणि टोपीसोबत एका पिशवीत घालून तानाबाईच्या हातात दिलं.

मला वाटलं, आता मला जाळतील. निदान उकिरड्यावर तरी फेकतील. चितेवर ठेवलं असतं तरी मी हूं का चूं केलं नसतं. पण तेरवी झाली, पाहुणे पांगले, आणि एका दुपारी तानाबाई ओसरीवर बसली. चष्मा नाकावर ओढून तिने सुईत दोरा ओवला आणि माझी कापलेली नाडी पुन्हा शिवली. बारीक, जवळजवळ टाके. अधूनमधून ती थांबायची आणि माझ्यावरून नुसताच हात फिरवायची. मग तिने मला खिळ्यावर टांगलं.

चार दिवसांनी फुलसिंग आला. तांड्यावरून धावतच आला असावा, धापा टाकत होता.

"काकी, याडी पडली. ओट्यावरून पडली, कुशीवर. दवाखान्यात जाऊन आलो. पट्टा भेटन का?"

त्याची आई रुपीबाई. वय अडुसष्ट.

सुरभी दाराशी आली आणि म्हणाली, "आत्याबाई, देऊ नका." हळू म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. अमर खाली बघत होता. तानाबाई खिळ्यापुढे उभी राहिली. तिचा हात माझ्यावर होता.

मित्रांनो, तिने त्या वेळी 'नाही' म्हटलं असतं तर सगळं काही संपलं असतं. पण 'नाही' म्हणायचं तर का नाही, ते सांगावं लागलं असतं. पट्ट्याने माणूस जातो असं म्हटलं, की पट्टा कोणाच्या हातांनी आवळला हेही आलंच. पंचेचाळीस वर्षं ज्याच्या ताटावर ती माशी बसू देत नव्हती, त्याच्या छातीवर तिने गुडघा टेकवून गाठ मारली होती. हे मनात घेऊन बाई जगणार कशी?

"ने बाप्पा," तानाबाई म्हणाली. "गुणाचा हाये. आमच्या मानसाचं त वयच झालतं."

फुलसिंगने मला खांद्यावर टाकलं. सुरभी मागून पळत वेशीपर्यंत आली. तिने ते तीन गोळ्यांचं यंत्र त्याच्या हातात कोंबलं. "हे फुंकाचं नाई, ओढाचं. दर तासाले. अन् भाऊ, हात जोडतो तुमाले, तो पट्टा बांधू नका."

"हो वैनी," फुलसिंग म्हणाला. तो भला माणूस आहे. घरी आल्यावर त्याने यंत्र जपून फळीवर ठेवलं, लेकरांचा हात पोचणार नाही असं.

आता मी रुपीबाईच्या छातीवर आहे. ही माझी पंधरावी छाती. पाखरासारखी हलकी, कातडीखाली एकेक बरगडी हाताला लागेल अशी. मित्रांनो, मला बोलता येत नाही, तुम्हाला येतं. तुमच्या घरात कोणी पडलं तर दुखणं दाबायला मला आणू नका. दुखू नये म्हणून गोळ्या द्या, उशी द्या, आणि ओरडले तरी त्यांना खोकू द्या. त्यांचं ओरडणं ऐकवत नसेल तर अंगणात जाऊन उभे राहा, पण त्यांचा श्वास बांधू नका. आणि म्हातारं माणूस असेल तर पहिल्याच तापाला दवाखान्यात न्या, आठव्या दिवसाची वाट बघू नका. ही माझी विनवणी इथे कोणाला ऐकू जात नाही. फुलसिंगच्या मते तो स्वतः याच पट्ट्याने बरा झालेला आहे.

तो माझी नाडी ओढतो आहे. त्याने गुडघा टेकवला. तानाबाईचे टाके पक्के आहेत, उसवणार नाहीत.

"याडी, आता कसं वाटते?"

"आवळ अजून," रुपीबाई म्हणाली. "हां. आता बरं वाटून राह्यलं."